बिनआवाजाची ओळ

ब्रनो, २१ ऑक्टोबर १९७५
(पोस्टाने)

हिनेक,

बऱ्याच वर्षांनी लिहिते आहे. मी ठीक आहे, तूही असशील. इथे पाऊस लागून राहिला आहे, कोळसा मात्र यंदा वेळेवर मिळाला. अपोलेना मावशी नोव्हेंबरात डुक्कर कापणार आहे. रिवाजाप्रमाणे नातेवाइकांना वाटा जाईल, आणि त्यात तुझाही असावा असं तिने ठरवलं आहे. माझी हरकत नाही. चरबीची बरणी आली की लगेच वितळवून दुसऱ्या भांड्यात ओत. तशीच ठेवलीस तर खवट होईल.

तब्येतीला जप.

द्राहा


ब्रनो, १६ नोव्हेंबर १९७५
(बरणीतून)

बाळ,

चरबी वितळवलीस आणि तळाशी मेणकागद सापडला, म्हणजे पाण्याच्या पंपावर राहून तुझं डोकं अजून गंजलेलं नाही. पोस्टाचं पत्र तुझ्याआधी कोण वाचतं ते तुला माहीत आहे, म्हणून त्यात कोळसा आणि पाऊस. खरं ते यात. वाचून झालं की शेगडीत घाल, जपून ठेवायचा शहाणपणा करू नकोस.

पाच वर्षं आपण बोललो नाही. तो हिशोब आज काढत नाही. आज वेळ नाही.

रोस्तिस्लाव ओंद्राच्या नावावर आमच्या प्रकाशनगृहात एका फ्रेंच कादंबरीचं भाषांतर आलं आहे. ते तू केलं आहेस. नाही म्हणू नकोस.

तुमच्यासारख्या बंदी घातलेल्यांनी दुसऱ्याच्या नावाचं छप्पर घ्यायचं आणि खाली बसून काम करायचं, हे आता आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपातलं निम्मं चांगलं वाङ्मय आपल्याकडे अशा उसन्या छपरांखालून येतं. मीही डोळ्यांवर कातडं ओढून अशी काही पुस्तकं जाऊ दिली आहेत. पण छप्पर घराच्या मापाचं तरी हवं! ओंद्रा भला माणूस आहे, दोन पोरांचा बाप आहे, आणि त्याचं भाषांतर म्हणजे आजाऱ्याची पेज असते. मीठ नाही, फोडणी नाही, कुणाला बाधत नाही. त्याच ओंद्राच्या नावाखाली पहिल्याच पानावर ती डोंगरातली म्हातारी माणसं अशी काही भांडायला लागली की माझा चहा गार झाला. ती आपल्या गावची माणसं होती, हिनेक. फ्रान्सच्या सीमेवर बसून आपल्या दूधवाल्याच्या शिव्या देत होती.

कादंबरी तू निवडलीस की ओंद्राने, मला माहीत नाही. पण ती कुणी आपल्याबद्दलच लिहावी तशी आहे. सीमेवरचं खोरं, दर पिढीला नवं सैन्य, नवी पाटी, नवा शाळामास्तर, आणि मुलं घरात एका भाषेत जेवतात नि शाळेत दुसऱ्या भाषेत छड्या खातात. आपल्या स्टेशनची पाटी मी लहानपणी झेक पाहिली, मग जर्मन, मग पुन्हा झेक, आणि अडुसष्ट साली तर रशियन रणगाडेवाल्यांनी वाट चुकावी म्हणून आपल्याच लोकांनी ती काळी केलेली पाहिली. तेव्हा त्या खोऱ्यातलं मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग कादंबरीतली मार्गो सैन्य आल्यावर पोराला घेऊन तळघरात बसते ते पान आलं. मूळ फ्रेंच पुस्तक माझ्या टेबलावर आहे. त्यात ती खोऱ्यातल्या बोलीतलं कसलंसं बडबडगीत मोठ्याने गाते आणि सासू तिच्या तोंडावर हात ठेवते. तुझी मार्गो मात्र पुटपुटते:

उंदीर गेला गिरणीत,
गिरणी गेली नदीत,
नदी गेली बर्फात,
बर्फ गेला खिशात,

आणि पाचवी ओळ ती नुसत्या ओठांनी म्हणते. पोराचा पंजा तिच्या गळ्यावर असतो. गळा हलायचा थांबला की पोर बोटं वर ओठांवर नेतं.

हे मूळ पुस्तकात कुठेही नाही. भाषांतरकार म्हणून तुझे कान उपटायला हवेत. हे जगात एकाच तळघरात झालं, बटाट्याच्या ढिगाशेजारी, पंचेचाळीसच्या एप्रिलात, वरून रशियन पुढे सरकत होते आणि जर्मन मागे. तू तीन वर्षांचा होतास. अंधारात दर थोड्या वेळाने "द्राहा, आहेस?" विचारून माझा जीव खात होतास.

मी ओळखलं, तसं आणखी कुणी ओळखेल. तुझे जुने विद्यार्थी अर्ध्या कचेऱ्यांत बसले आहेत. उपसंचालक कॉम्रेड ह्रुबानला माझा अहवाल नव्या वर्षाच्या सुरुवातीला हवा आहे. तो ओंद्राला वीस वर्षं ओळखतो आणि त्यालाही संशय आला आहे. छप्पर उडालं तर ओंद्राला पुन्हा कुणी काम देणार नाही, तू तुरुंगात जाशील, आणि पुस्तकाचा लगदा होईल.

म्हणून ऐक. पान चौऱ्याण्णव ते एकशे दहा मावशीबरोबर परत पाठवते आहे. गाणं काढ. बोलणी सपाट कर. थोडं वाईट लिही. इतकं चांगलं लिहिलेलं आपल्याला परवडणारं नाही.

द्राहा


ब्रनो, १४ डिसेंबर १९७५
(नाताळच्या बिस्किटांच्या डब्यातून, खालच्या कागदाच्याही खाली)

हिनेक,

बरणी परत आली. रिकामी पाठवली नाहीस, वाळवलेल्या अळंब्या घातल्यास, म्हणजे आपल्या घरचं वळण अजून शिल्लक आहे. अळंब्यांखाली तुझी चिठ्ठी होती. पानं जशीच्या तशी, एक स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही. वर हे: "आईचं गाणं काढणार नाही. बाकी वाटेल ते खोड, तुला त्याची सवय आहे."

वा. बिस्किटं खाताना हे वाक्य आठवू दे.

मी सही केली होती, त्यावरून हा टोमणा ना? केली. सत्तर साली टेबलापलीकडे तीन माणसं बसली होती. रणगाडे आले ती बंधुराष्ट्रांची मदत होती की नाही, एवढंच विचारत होती. मी "होती" म्हटलं, सही केली आणि खाली येऊन जिन्यावर ओकले. तू नाही म्हणालास, विद्यापीठातून गेलास, आज पंपाशेजारी चाकांवरच्या लाकडी खोलीत राहून जमिनीतलं पाणी उपसतोस. तुझी मान ताठ आहे, मला मान्य आहे. पण वडिलांच्या मयताच्या जेवणात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "द्राहाच्या हाताला रणगाड्याच्या तेलाचा वास येतो, मी तिच्या हातचं खाणार नाही." सूप तसंच ठेवून निघून गेलास. आता मात्र बरणीतली चरबी खाल्लीस. ती मीच मावशीकडे जाऊन वितळवली होती, बाळ, याच हातांनी.

आणि सही करून मी संपादकाच्या खुर्चीत राहिले नसते तर तुम्हा लोकांची छपरं कुणी पाहिली असती, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं असतं? मी पुन्हा सही करीन. क्षमा मागायला हे पत्र लिहीत नाही.

तू नाही म्हटल्यावर पानं मी स्वतःच बिघडवायला बसले. वीस वर्षं लोकांचं लिखाण सुधारलं, बिघडवायला असा काय वेळ लागतो! म्हातारा पिएर शेजाऱ्याला म्हणतो, "तुझ्या बापाने मेंढी चोरली आणि तू तिची शिंगं डोक्यावर मिरवतोस." त्याचं मी केलं, "आपल्या कुटुंबाची वागणूक समाधानकारक नाही." वाचून मला एकटीलाच हसू आलं. मग पुन्हा मेंढी घातली. संध्याकाळपर्यंत दीड पान झालं, आणि ते दीड पानही मी टोपलीत टाकलं. मला जमत नाही. माझ्यावरही रागव हवं तर.

परवा ह्रुबानने बोलावलं. तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे, आणि घाबरट माणूस फार नीट वाचतो.

"ही बाई शेवटची ओळ का म्हणत नाही?" त्याने विचारलं.

"वर सैनिक आहेत, कॉम्रेड."

"कोणते सैनिक?"

"कादंबरीतले."

"तुम्ही आणि मी तसं वाचू. बाहेरचा वाचक तसं वाचेल?"

आपल्या देशात प्रत्येक जण पुस्तक दोनदा वाचतो, एकदा छापलेलं आणि एकदा न छापलेलं, आणि दुसरं वाचन जास्त मन लावून करतो. ते ह्रुबानलाही माहीत आहे.

"लिहिलेली ओळ असती तर मी खोडली असती," तो म्हणाला. "न लिहिलेली कशी खोडू? प्रत्येक जण तिथे स्वतःचं काहीतरी भरणार. आणि काय भरतील ते मला ठाऊक आहे." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "आणखी एक. ओंद्राला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही. त्याला हे पोराचा पंजा, गळा, हे सगळं सुचलं? वरून विचारणा झाली आहे. जानेवारीत बैठक आहे. तुम्ही तयारीने या."

बाहेर ओंद्रा जिन्यात उभा होता, टोपी हातात गोल फिरवत. "संपादकबाई," तो म्हणाला, "काल एकाने मला गाठून विचारलं, गाण्याची कल्पना कुठे सुचली. मी म्हटलं, टबात आंघोळ करताना."

"मग?"

"आमच्याकडे टब नाही. ते त्याला माहीत होतं."

मला त्याची दया आली आणि संतापही आला. असल्या माणसाच्या नावाखाली तू आपलं तळघर ठेवलंस.

तू ज्याला आईचं गाणं म्हणतोस, त्याबद्दल तुला काय माहीत आहे? आईला जर्मनांनी नेलं तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. चोरून डुक्कर कापलं म्हणून नेलं, कुणीतरी शेजाऱ्याने सांगितलं म्हणून. पण ते राहू दे. आता तरी काढ. हात जोडते. मावशी नाताळानंतर डबा न्यायला येईल.

द्राहा


ब्रनो, ५ जानेवारी १९७६
(पोस्टाने)

हिनेक,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. डबा पोचला, अक्रोडांबद्दल आभार. मावशी भेटली. तुझ्या हट्टात काही फरक नाही हे कळलं. यंदाच्या नाताळच्या कार्प माशात काटेच जास्त होते. कामाचा ताण आहे, त्यामुळे मावशीच्या दुसऱ्या डुकरापर्यंत लिहायला जमणार नाही.

द्राहा


ब्रनो, १५ फेब्रुवारी १९७६
(बरणीतून)

बाळ,

बैठक झाली. सगळे अजून बाहेर आहेत. तू, ओंद्रा, मी. आधी हे लिहिलं, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

आदल्या दिवशी मी ओंद्राला बागेत गाठून पढवलं. काहीही विचारलं तरी एकच सांगायचं, माझं भाषांतर साधं होतं, संपादकबाईंनी त्यात हात घातला, मला लाज वाटली म्हणून बोललो नाही. तीन वेळा म्हणवून घेतलं. तो शाळेतल्या पोरासारखा म्हणत होता. सगळं पढवलं, एक गोष्ट राहिली, आणि नेमकी तीच त्यांनी विचारली.

ह्रुबानच्या खोलीत राखाडी स्वेटरमधला एक माणूस बसला होता. त्याची ओळख करून दिली नाही, म्हणजे कोण ते कळलं. ओंद्राला माझ्या आधी बोलावून शेजारच्या खोलीत बसवलं होतं.

"हे गाणं कुणाचं?" स्वेटरवाल्याने विचारलं.

"माझं."

ह्रुबानला ठसका लागला.

"म्हणजे ओंद्राने आणलं ते नेहमीसारखंच होतं, पेज," मी म्हटलं. "मी त्याला फोडणी घातली. बोलणी माझी, शिव्या माझ्या, गाणं तर अख्खं माझं. संपादकाला एवढा अधिकार नसतो, मला माहीत आहे."

"परवानगी का नाही घेतली?"

"मागितली असती तर मिळाली नसती."

"आईकडून शिकलात गाणं?"

"नाही. मीच रचलं. पंधरा वर्षांची होते. वर लढाई चालली होती आणि मांडीवर लहान भाऊ होता."

थांब, बाळ. हे त्या माणसाला सांगण्याआधी तुला सांगायला हवं होतं. ते गाणं आईचं नव्हतं. आईला कुठे सवड होती गाणी म्हणायला! वडील रेल्वेवर अडकलेले, आई गेलेली, तळघरात तू आणि मी. तू मोठा झाल्यावर ते आईचं म्हणायला लागलास आणि मी तसंच राहू दिलं. तुझ्याकडे तिचं दुसरं काही नव्हतं. आता वाईट वाटलं तर वाटू दे.

"भाऊ," स्वेटरवाला म्हणाला आणि कागद चाळायला लागला. "पंपावर असतो तो. तिथे काय करतो?"

"पाणी उपसतो."

"त्यालाही हे गाणं माहीत असणार."

"तो तीन वर्षांचा होता. आणि तो माझ्याबद्दल काय बोलतो ते तुमच्याकडे लिहिलेलं असेलच."

"आहे," तो म्हणाला, आणि त्याने रणगाड्याच्या तेलाचं ते वाक्य मला वाचून दाखवलं. शब्दन् शब्द, सुपाच्या वाडग्यासकट. हिनेक, त्या जेवणाला फक्त घरची माणसं होती. कुणी पोचवलं याचा मी विचार करकरून थकले, आणि आता विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

पण त्या वाक्याने आपल्याला वाचवलं. मी हातरुमाल काढून डोळे पुसले, आणि मला खोटं रडावं लागलं नाही. तो म्हणाला, "तेव्हापासून संबंध नाही?" मी म्हटलं, "बघा तुमच्याकडची पत्रं. कोळसा आणि मासा." तो हसला. त्याने ती खरोखर वाचली होती.

"म्हणून दाखवा," तो म्हणाला.

मी म्हटलं. उंदीर, गिरणी, नदी, बर्फ. त्या खोलीत, भिंतीवरच्या तसबिरीखाली, पंचेचाळीस वर्षांची बाई. पाचव्या ओळीला नुसते ओठ हलवले, जसे तेव्हा हलवायची तसे.

"ती ओळ काय आहे?"

"ती म्हणायची नसते."

"ओंद्राला माहीत आहे ती," तो म्हणाला. "आत त्याने लिहून दिली." त्याने राखदाणीखालची घडी घातलेली चिठ्ठी बोटाने ठोकली. "तुम्हीच त्याला गाणं दिलंत ना? मग तुम्हीही तीच सांगाल."

हिनेक, ती ओळ नव्हतीच.

चार ओळी मी कशाबशा जुळवल्या आणि पाचवीला अडले. तू आई कुठे आहे विचारत होतास. "आई येईल" असं म्हणायला जीभ उचलेना. डुकरापायी नेलेली माणसं परत येत नव्हती, एवढं मला कळत होतं. म्हणून काहीतरी म्हटल्यासारखे नुसते ओठ हलवले. तू बोटांनी चाचपलंस आणि गप्प झालास. मग दर वेळी तसंच केलं. त्या ओठांत काही नव्हतं, बाळ. कधीच नव्हतं.

आणि आता ओंद्राने काहीतरी लिहिलं होतं. ते त्याच्या डोक्यातलं नसणार, तू त्याला सांगितलेलं असणार. म्हणजे तुला इतकी वर्षं तिथे काहीतरी ऐकू आलं होतं, आणि ते काय ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायचं होतं. चुकले असते तर ओंद्रा खोटा, मी खोटी, आणि उरतो तो तू.

"विसरलात?" ह्रुबान म्हणाला. तो माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता.

मी डोळे मिटले. "आई येईल" असेल का? पोराला तेच हवं असणार. ओठांवर आलंच होतं ते. मग मला तुझी बोटं आठवली, मातीने माखलेली, बटाट्याच्या वासाची. तू आईबद्दल दिवसा विचारायचास. दिवा विझला की तू आईबद्दल एकदाही विचारलं नाहीस. अंधारात तुझा एकच प्रश्न असायचा, आणि त्यावर मी कंटाळून, चिडून, झोपेत, एकच उत्तर द्यायची. आणि उंदीर गेला, गिरणी गेली, नदी गेली, बर्फ गेला. सगळं गेल्यावर पोर काय ऐकेल?

"मी इथेच आहे," मी म्हटलं.

स्वेटरवाल्याने चिठ्ठी उघडली, वाचली आणि ह्रुबानकडे सरकवली. ह्रुबानने ती वाचून टेबलावर ठेवली तेव्हा मला दिसली. ओंद्राचं ते गिचमिड अक्षर, आणि तीच ओळ.

घरी येऊन मी रडले. कोट न काढता दारातच बसून रडले. मी काहीच दिलं नव्हतं आणि तुला ते मिळालं होतं. एवढ्या वर्षांचा माझा राग कुठे गेला कोण जाणे. तो मोठ्या मेहनतीने सांभाळला होता मी.

आता व्यवहाराचं. "एवढीच ओळ? मग छापा की," ह्रुबान म्हणाला. "उगाच लोक भलतं काहीतरी समजतील." तेव्हा पुस्तकात मार्गो ती ओळ आवाजात म्हणेल. तुझा अंधार त्यांनी उजेडात आणला, पण बाकी अक्षर हललेलं नाही. मेंढीची शिंगंही आहेत. नाव ओंद्राचं राहील. पुस्तक शरद ऋतूत निघेल. परवानगीवाचून हात घातला म्हणून मला परदेशी कादंबऱ्यांवरून काढलं. आता बागकामाची पुस्तकं आणि भिंतीवरची कॅलेंडरं माझ्याकडे. सध्या कोबीवरच्या अळ्या वाचते आहे. त्यांच्यात राजकारण सापडलं तर कळवीन म्हटलं असतं, पण कळवता येणार नाही.

कारण निघताना स्वेटरवाल्याने सहज विचारलं, "तुमची मावशी दोघांनाही वाटा पाठवते का हो?" म्हणून ही शेवटची बरणी. आपण भांडलेले आहोत म्हणून वाचलो, तेव्हा आता भांडलेलंच राहायचं. मयताला नाही, लग्नाला नाही, रस्त्यात दिसलास तरी मी पलीकडून जाईन. तूही तसंच कर. मान ताठ ठेवायची तुला सवय आहेच.

पुढचं पत्र पोस्टाने येईल. त्यात तुला चांगलंच फैलावर घेणार आहे. मनावर घेऊ नकोस, आणि शेवटपर्यंत वाच. सहीच्या वर बघ.

हे जाळ.

द्राहा


ब्रनो, १५ मार्च १९७६
(पोस्टाने)

हिनेक,

मावशीने आपल्यात समेट घडवायचा प्रयत्न केला, तो तिच्या भाबडेपणामुळे. तू केलेला अपमान मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही. ज्याला माझ्या हातचं चालत नाही त्याने माझ्या दारात येऊ नये. तुझ्या मतांशी, तुझ्या मित्रांशी आणि तुझ्या आयुष्याशी माझा काही संबंध नाही. मावशीलाही बजावलं आहे की तुझं नाव माझ्यासमोर काढू नकोस, आणि यापुढे डुकराचा वाटा एकाच घरी पाठव.

तुझं पत्र आलं तर न उघडता परत करीन. माझ्याकडूनही हे शेवटचं.

पंपावर गारठा असतो. लोकरीचे मोजे घालतोस की नाही, ते तुझं तू बघ.

घाईत सहीच्या वर एक ओळ कोरी सुटली आहे. कागद वाया घालवणं बरं नाही, पण आता दुसरा घेत नाही.

 

 

द्राहा